आठशेचं इंजिन हलतंय: फाउंडेशन, टॉर्क रॉड, स्ट्रट बार, कशाचं काम काय?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. वडिलांची मारुती ८०० आहे, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, एसी मॉडेल. गाडी कराडातच असते, अधूनमधून पाटण नाहीतर सातारा, बाकी गावातलीच कामं. विकायची नाही, वडील चालवतात तोवर तरी नाहीच, आणि नंतरही मी ठेवणार आहे.

त्रास असा की रिव्हर्स टाकून क्लच सोडला की खालून ठक्क असा आवाज येतो, पहिल्या गिअरला उचलतानाही येतो पण त्यापेक्षा कमी. आणि उभ्या गाडीत एसी लावला की स्टिअरिंग, डॅशबोर्ड सगळं थरथरायला लागतं, आतल्या आरशात मागची गाडी नीट दिसतसुद्धा नाही. एकदा वेग घेतला की मग काही जाणवत नाही, एकदम छान पळते.

एका गॅरेजवाल्यांनी बघून सांगितलं की फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, गेलीत, सगळी बदला. दुसरीकडे दाखवली तर ते म्हणाले रबर सारखं सारखं बदलण्यापेक्षा मधे लोखंडी पट्टी टाकून वेल्डिंग मारून देतो, परत बघायलाच नको. आणि अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात म्हणाले बॉनेटखाली स्ट्रट बार टाका, इंजिन हलायचं थांबेल. तिघांचे तीन उपाय आणि तिघंही तितक्याच खात्रीने सांगतायत. पैसे घालायला हरकत नाही पण आधी मला समजायला पाहिजे की हे रबर तिथं नेमकं करतं काय, नुसतं इंजिनाचं वजन धरायला आहे की आणखी काही? आणि जुन्या गाड्यांना ज्या आडव्या दांड्या असतात त्या कशासाठी?

उद्यमनगर_कोल्हापूर

पट्टी मारून घेऊ नका, हे सगळ्यात आधी सांगतो. बाकीचं आता निवांत.

वजन धरणं हे फाउंडेशनचं सगळ्यात सोपं काम आहे ओ. खरा ताण येतो पिळाचा. इंजिन चाकाला जेवढ्या जोरानं पुढं फिरवतं तेवढ्याच जोरानं स्वतः उलटं फिरायला बघतं, आणि त्याला धरून ठेवायला त्या रबरांशिवाय दुसरं कोणी नाही. तुमच्या आठशेत इंजिन आडवं बसवलंय, गिअरबॉक्स त्यालाच जोडलेला आणि दोन चाकांना ताकद वाटणारं डिफरन्शियलसुद्धा त्याच घरात. म्हणजे गिअरनं वाढवलेला, परत फायनल ड्राइव्हनं (डिफरन्शियलपाशीच्या शेवटच्या गिअरनं) वाढवलेला असा सगळा टॉर्क, म्हणजे पीळ, याच दोनतीन रबरांवर उलटा येतो. इंजिनाचा टॉर्क साधारण ६० न्यूटन मीटर, पहिल्या गिअरला दोन्ही मिळून तो साधारण १५ पट होतो, म्हणजे पूर्ण दाबलं तर ९०० च्या आसपास. एक मीटर लांब पहारीच्या टोकाला नव्वद किलोचा गडी लोंबकळला तर पहार जेवढी पिळेल तेवढा पीळ झाला हा. छोटी गाडी म्हणून कमी समजू नका.

आता रिव्हर्सला हाच पीळ उलट्या दिशेनं येतो. पुढं जाताना रबराची जी बाजू दाबली जाते ती रिव्हर्सला ताणली जाते. रबर चिरलं असेल तर दाबल्यावर ते तसंच बसून राहतं, काही कळत नाही, पण ताणलं की चीर उघडते, इंजिन सुटल्यासारखं सरकतं आणि लोखंडावर लोखंड आपटतं. तुमचा ठक्क रिव्हर्सला जास्त आहे त्यावरून मला तरी एखादं फाउंडेशन एका बाजूनं फाटलेलं वाटतंय.

थरथरीची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. आठशेचं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत तीन धमाके. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाचा वेग, ८५० आरपीएम धरलं तर सेकंदाला साधारण २१ धक्के. आणि तीन सिलिंडर असल्यामुळं इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं डुलत राहतं ते वेगळंच, चार सिलिंडरला तसं होत नाही. हे धक्के बॉडीत जाऊ नयेत म्हणून रबर असं मऊ ठेवतात की त्या रबरावर इंजिनाची स्वतःची डोलायची गती या २१ पेक्षा बरीच खाली राहील, दहाबाराच्या आसपास. मग धक्के रबरातच जिरतात. रबर वर्षानुवर्षं उष्णतेनं कडक झालं की ती गती वर सरकते, आणि आयडलिंग खाली आलं की धक्के खाली सरकतात. दोन्ही एकमेकांजवळ आले की गाडी थरथरणार म्हणजे थरथरणारच. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा लोड येऊन आरपीएम पडतो, म्हणून तर तो परत वर उचलायला आयडल-अप दिलेलं असतं. ते चालतंय का बघितलं का कुणी?

आणखी एक. एक सिलिंडर मिस मारत असेल तर सेकंदाला सातेक वेळा असा मोठा हेलकावा बसतो. तो कुठलंच रबर अडवू शकत नाही, नवीन टाकलं तरी. कितीतरी लोक फाउंडेशन बदलून येतात आणि थरथर तशीच, मग म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. म्हणून आधी प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, आयडलिंग, आयडल-अप एवढं बघून घ्या, त्याला खर्च फारसा नाही. ठक्क आणि थरथर ही दोन वेगवेगळी दुखणी असू शकतात.

पट्टी का नको ते आता कळलं असेल. पट्टी मारली की ठक्क थांबतो, खरं आहे, पण ते २१ धक्के सरळ बॉडीत जातात, आणि रबराचं एक टोक पक्कं झाल्यानं बाकीच्या फाउंडेशनवर वेडावाकडा ताण येतो. पुढं मग ब्रॅकेटला तडा, नाहीतर फाउंडेशन ज्या पत्र्याला बसतं तो पत्राच फाटतो. आठशेचा पत्रा किती जाड असतो ते तुम्हाला माहितीच आहे.

काळीपिवळी_दादर

उद्यमनगरकरांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त जुन्या रिअर व्हील गाड्यांचं सांगतो कारण विचारणाऱ्याने जुन्या गाड्या म्हटलंय. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती, १०८९ सीसी, इंजिन उभं म्हणजे लांबीच्या दिशेने बसवलेलं, मागच्या चाकांना ताकद. तिथे डिफरन्शियल मागे अ‍ॅक्सलमध्ये असतं त्यामुळे शेवटची जी चौपट वाढ होते तिचा उलटा पीळ इंजिनावर येतच नाही, तो अ‍ॅक्सलवर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर जातो. जोरात क्लच सोडला की मागच्या पाट्या पिळवटतात तो त्याचाच परिणाम. इंजिनाच्या फाउंडेशनवर फक्त गिअरबॉक्सपर्यंतचा टॉर्क, म्हणून त्या गाड्यांना दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक एवढ्यावर भागायचं आणि रबरं वर्षानुवर्षं टिकायची. बॉनेट उघडून न्यूट्रलवरच अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात ओढला तर इंजिन एका कुशीवर कललेलं दिसायचं, ते कलणं नॉर्मल, पण परत जागेवर येताना आपटलं की समजायचं.

पद्मिनीत फाउंडेशन दबून खाली बसलं की पहिली तक्रार मात्र गिअरची यायची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे लिव्हर बॉडीला आणि गिअरबॉक्स इंजिनाबरोबर हलणारा, मधे सगळ्या सळ्या. इंजिन थोडं जरी खाली बसलं तरी त्या सळ्यांचं माप बिघडायचं आणि गिअर अडकायचा नाहीतर उडायचा. मुंबईत टॅक्सीवाले ते मधलं लिंकेज वाकवून, वॉशर घालून जुळवून घेत राहायचे आणि मूळ दुखणं खाली रबरात असायचं. २०२३ मध्ये त्या टॅक्सी बंद झाल्या, तोपर्यंत अशा जुळवाजुळवीवर धावणाऱ्या कितीतरी गाड्यांतून मी बसलोय आणि दर वेळी वाटायचं की कुणीतरी खाली वाकून बघावं.

तुमच्या आठशेत गिअर लिव्हरखालून दोन दांड्या जातात ते बघून ठेवा. एक गिअर टाकते. दुसरी काहीच फिरवत नाही, ती नुसती लिव्हरचा बुडखा आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर राखते, म्हणजे इंजिन मागेपुढे सरकलं तरी लिव्हर त्याच्याबरोबर सरकावा आणि गिअर सुटू नये. तुम्ही दांड्यांचं विचारलंत ना, त्यातली ही एक. तिचे बुश (टोकांची रबरं) गेले की गिअर ढिला लागतो.

कोयनाकाठ

बापरे, एवढं सविस्तर कुणी समजावून सांगितलं नव्हतं, दोघांचेही मनापासून आभार. गिअर सध्या नीट पडतोय. आयडल-अप कुणीच बघितलेलं नाही. फाउंडेशन कुठलं फाटलंय ते घरी बघता येईल का, की गाडी लिफ्टवरच घ्यावी लागेल?

उद्यमनगर_कोल्हापूर

घरी येतं की. सपाट जागा घ्या, हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना पुढून मागून दगड नाहीतर लाकडी ठोकळे लावा. वडिलांना सीटवर बसवा, त्यांचा हात बसलेला आहे. तुम्ही बॉनेट उघडून बाजूला उभं राहा, मडगार्डच्या बाजूला, गाडीच्या समोर अजिबात नाही, आणि फॅनपासून हात लांब कारण इलेक्ट्रिक फॅन कधीही चालू होतो. मग वडिलांना सांगा, एक पाय ब्रेकवर ठेवून पहिला गिअर टाका आणि क्लच फक्त पकडायला लागेपर्यंत सोडा, लगेच परत दाबा. मग तसंच रिव्हर्सला. इंजिन थोडं पुढंमागं डोलणारच, ते डोलायलाच पाहिजे. पण एकीकडं हळूच थांबतंय आणि दुसरीकडं उचलून आपटतंय असं दिसलं, किंवा इंचभरापेक्षा जास्त उठतंय, तर ज्या बाजूचं उठतंय तिथलं फाउंडेशन बघा.

नंतर इंजिन बंद करून ऑइल चेंबरखाली जाड फळी ठेवून त्यावर जॅक लावा आणि अगदी किंचित उचला, रबरावरचं वजन जाईल एवढंच. फळी न ठेवता जॅक लावला तर चेंबर चेपतो. वजन गेलं की चीर उघडते, टॉर्च मारा. रबर लोखंडी प्लेटपासून सुटलंय का, मधून फाटलंय का, की तेल पिऊन फुगलंय ते दिसतं. फुगलेलं रबर बोटानं दाबलं की मऊ, चिकट लागतं. ते रबर नैसर्गिक असतं, त्याला इंजिन ऑइल चालत नाही. टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत असेल आणि तेल ओघळून फाउंडेशनवर येत असेल तर नवीन टाकलेलंही तसंच जाणार, आधी गळती बंद करा.

एक मात्र लक्षात घ्या, काही फाउंडेशनच्या आणि टॉर्क रॉडच्या (इंजिनाचा झोका आवरणाऱ्या दांडीच्या) रबरात मुद्दाम मोकळी खाच सोडलेली असते. थोड्या हालचालीला मऊ लागावं आणि जास्त पीळ आला की खाच मिटून रबर एकदम घट्ट व्हावं, यासाठी ती असते. कडा गुळगुळीत, दोन्हीकडं सारखी. ती बघून फाटलंय म्हणू नका. फाटलेल्याच्या कडा खरबरीत आणि वेड्यावाकड्या असतात.

मिनी_बर्मिंगहॅम

आडव्या दांडीचा विषय निघालाय तर लिहितो. मी मूळचा नाशिकचा, इथे बर्मिंगहॅमला जुनी मिनी ठेवलीय, १९५९ ते २००० बनत होती तीच. आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही रचना छोट्या गाड्यांत रुजली ती मुख्यतः हिच्यामुळे, आणि गिअरबॉक्स तर इंजिनाच्या खाली तेलाच्या चेंबरमध्येच. इंजिनाच्या दोन टोकांना खालच्या बाजूला दोन फाउंडेशन आहेत. आता विचार करा, दोन्ही खाली आणि एका रेषेत, म्हणजे बिजागरीच झाली, इंजिन त्या रेषेभोवती पुढेमागे झोके घेणार. ते अडवायला वर एक आडवी दांडी दिलीय, एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं ड्रायव्हरसमोरच्या आडव्या पत्र्याला, दोन्ही टोकांना छोटे रबरी बुश. वजन ती काहीच पेलत नाही, नुसता झोका धरते.

आणि ती इतकी वर का, तर बिजागरीच्या रेषेपासून जितकी लांब धराल तितका कमी जोर लागतो, दार जसं कडीपाशी धरलं की सहज थांबतं तसं. म्हणून एवढीशी दांडी पुरते. पण बुश झिजले की गंमत संपते. गाडी उचलताना क्लच हातोडा मारल्यासारखा धक्के देतो, आणि इंजिन मागेपुढे झुलून सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डपाशी आधी फुसफुसायला लागतो आणि मग तुटतो. इथे नवीन मालक पाइप बदलतात, क्लच बदलतात, आणि बुश तसेच. नंतरच्या गाड्यांत खालूनही एक दांडी दिली गेली, ती दोन्ही मिळून चांगलं धरतात.

लोक कडक पॉलियुरेथेनचे बुश टाकतात, रेसवाल्यांना ते ठीक आहे. रोजच्या गाडीत मी साधं रबरच वापरतो. कडक बुश टाकलेली मिनी मी चालवून बघितलीय, ठरावीक आरपीएमला तो पत्रा असा घुमतो की तासाभराच्या प्रवासात डोकं उठतं. कोयनाकाठ, तुम्ही सायलेन्सरच्या बेंड पाइपचा, म्हणजे त्याच पुढच्या पाइपचा, जॉइंट बघा, तिथे काजळी दिसली तर इंजिन बऱ्याच काळापासून जास्त हलतंय असं समजा.

जुन्या_गाड्या_नागपूर

यात इतिहासाची भर घालतो कारण मला हा भाग फार आवडतो. सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन सरळ चासीला बोल्टने आवळलेलं असायचं, सगळा हादरा माणसाच्या हाडांत. क्रायस्लरने १९३१ मध्ये प्लिमथ गाडीत फ्लोटिंग पॉवर नावाची रचना आणली. इंजिन पुढे उंचावर एका रबरावर आणि मागे गिअरबॉक्सखाली एका रबरावर टांगलं, अशा हिशोबाने की दोन्ही रबरांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी. इंजिन ज्या रेषेभोवती स्वतःहून डोलायला बघतं त्याच रेषेवर धरलं की ते डोललं तरी बॉडीला ओढत नाही. पण मग टॉर्कने ते उलथून पडेल ना, म्हणून बाजूला एक आडवी पाटी, स्प्रिंगची, इंजिनापासून चासीपर्यंत. चार सिलिंडरची गाडी एकदम मऊ वाटायला लागली आणि सित्रोएनने लगेच पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ती रचना घेतली. म्हणजे रबराने डोलू द्यायचं आणि वेगळ्या दांडीने आवरायचं ही कामाची विभागणी तेव्हापासूनची, मिनीची दांडी आणि आजचा टॉर्क रॉड दोन्ही त्याच वंशातले.

घाटवेडा_पुणे

स्ट्रट बारबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दुकानदार जो बार म्हणतोय तो दोन्ही शॉकअबच्या वरच्या टोकांना, म्हणजे बॉनेटखाली डावी उजवीकडे जे पत्र्याचे गोल बुरूज दिसतात त्यांना जोडतो. वळणावर ते बुरूज एकमेकांकडे किंचित झुकतात ते झुकणं कमी करायचं एवढंच त्याचं काम. इंजिनाला तो शिवतसुद्धा नाही, त्यामुळे इंजिन हलायचं थांबेल हे साफ चुकीचं आहे. आठशेच्या वजनाला आणि बारीक टायरला रोजच्या वापरात त्याचा फरकही कळणार नाही. ते पैसे फाउंडेशनच्या चांगल्या सेटमध्ये घाला.

आठशेत खाली पुढे जो स्टॅबिलायझर बार आहे तो मात्र महत्त्वाचा. तो नुसता गाडी कलू नये म्हणून नाही, चाकाच्या खालच्या आर्मला पुढेमागे धरायचं कामही तोच करतो. त्याचे बुश गेले तरी ठक्क येतो आणि लोक फाउंडेशन समजतात. ओळखायचं कसं, तर ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यात आवाज आला तर स्टॅबिलायझरकडे बघा, आणि ब्रेक न लावता नुसता क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना आला तर फाउंडेशनकडे. खंबाटकी उतरताना माझ्या गाडीत ब्रेकला ठक्क यायचा तो स्टॅबिलायझरचा निघाला होता.

सेट घ्यायला पुण्याला येणार असाल तर नाना पेठेत मिळेल. कार्ब्युरेटर मॉडेल आणि चार गिअर असं स्पष्ट सांगून घ्या, आणि शेल्फवर वर्षानुवर्षं पडलेला माल घेऊ नका, रबर न वापरताही कडक होतं. नख रोवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर परत द्या.

कोयनाकाठ

काल बघितलं सगळं, सांगितलं तसंच. रिव्हर्सला इंजिन उठून आपटताना स्पष्ट दिसलं. फळी आणि जॅक लावून टॉर्च मारली तर मागच्या बाजूचं फाउंडेशन प्लेटपासून अर्ध्याहून जास्त सुटलेलं, आणि वरून तेल ओघळलेलं, रबर बोटाला काळं चिकटत होतं. तेल टॅपेट कव्हरचंच. बेंड पाइपच्या जॉइंटला काजळी आहे. आणि एका प्लगची वायर आतून तुटलेली निघाली, ती बदलल्यावर थरथर निम्म्याने कमी झाली, आयडल-अपची व्हॅक्यूमची नळी चिरलेली होती ती मेस्त्री आज घालतायत. बाकीची फाउंडेशन दिसायला बरी आहेत. मग एकच बदलू की सगळी? आणि बसवताना काही काळजी?

उद्यमनगर_कोल्हापूर

सगळी बदला. बाकीची पण तेवढीच जुनी आहेत, कडक झाली असणार, आणि एक नवीन मऊ आणि बाकी कडक असं असलं की इंजिन वाकडं बसतं आणि नवीनवर जास्त भार येतो.

बसवताना आधी बेंड पाइपचे बोल्ट सैल करा, नवीन रबरावर इंजिन थोडं उंच येणार, पाइप आवळलेलाच राहिला तर तो इंजिनाला खाली ओढत राहतो. एका वेळी एकच फाउंडेशन काढा, फळीवर इंजिन पेललेलं राहू द्या. सगळे बोल्ट घाला पण घट्ट कुठलाच करू नका. मग जॅक काढून इंजिन हातानं दोनचारदा हलवा, स्टार्ट करून मिनिटभर आयडलिंगला ठेवा, ते स्वतःची जागा घेतं. बंद करून मग सगळे बोल्ट आवळा, पाइपचे सगळ्यात शेवटी. पीळ ठेवून आवळलेलं रबर पहिल्या दिवसापासूनच फाटायला लागतं, नवीन सेट लवकर जातो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड वायर परत नीट घासून लावली का ते स्वतः बघा. इंजिन रबरावर असल्यानं बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या वायरीतूनच येतो. ती सैल राहिली तर स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून रस्ता काढतो आणि केबल आतून जळते, मग कुणालाच कळत नाही की फाउंडेशनच्या कामानंतर केबल का तुटली. पाटणपर्यंत एकदा जाऊन या आणि गाडी थंड झाल्यावर सगळे नट पान्ह्यानं परत एकदा तपासा.